चार तारांचं कोटेशन

कोपरगाव,
बुधवार, ता. ३१ मार्च १९७१

प्रिय माधव,

तीन वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम जाड पाकीट, म्हणजे काहीतरी वाईट बातमी आहे असं तुला वाटलं असेल. घाबरू नकोस. कोणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. माझ्या बायकोला, मनकर्णेला, दुसरी मुलगी झाली. आई दात नसताना अजून ऊस मागते. हे सगळं नेहमीचंच. पण आज दुपारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जे झालं, त्यानं मी पार हादरून गेलोय. टाइम ऑफिसात येऊन बसलो, तांब्याभर पाणी प्यालो, दोनदा तोंड धुतलं. तरी मघाशी हजेरीपुस्तकात समोर उभ्या असलेल्या माणसाची गैरहजेरी लावली, आणि तो बिचारा ‘सायेब, म्या हितंच हाय की’ म्हणून काकुळतीला आला.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, नाहीतर तू हे पत्र अर्ध्यावर फाडशील. आपल्या साखर कारखान्याचा ऑर्केस्ट्रा बेस गिटार विकत घेतोय. आणि ती वाजवायला त्यांना तू हवा आहेस. कायम नोकरीवर. ऑर्केस्ट्रा चालवणारे तेच राधाकृष्ण मास्तर तुला बोलावताहेत, ज्यांनी गाळप हंगामाच्या सांगता समारंभात भर कार्यक्रमात ‘माधव, खाली उतर, मुकी गिटार घेऊन उभं राहू नकोस’ असं तुला सांगितलं होतं. तू म्हणशील, आता काय उपरती झाली? तेच सांगायला बसलोय. नीट क्रमानं सांगतो. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मला गावाला वळसा घातल्याशिवाय घरी जाता येत नाही.

दिवाळीनंतर आमचे कार्यक्रम राहात्याला झाले, वैजापूरला झाले. लोक टाळ्या वाजवायचे, पण एकजण तरी येऊन म्हणायचाच की रेडिओवर गाण्याच्या खाली जे धुमधुम चालतं ते तुमच्यात नाही, तुमचं गाणं भाजीत मीठ नसल्यासारखं लागतं. मास्तरांनी ते मनावर घेतलं. चेअरमन साहेबांकडे अर्ज गेला, मंजूरही झाला. पण सहकारी कारखाना, माधव! इथे साधा झाडू घ्यायचा तरी तीन कोटेशनं लागतात, त्यांचा तुलनात्मक तक्ता लागतो, आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला ऑर्डर. तक्ता भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मँडोलिन वाजवतो, म्हणजे तारांचं मला कळतं. स्टोअरनं छापील फॉर्म दिला तो पंपांच्या खरेदीचा. त्यात रकाने असे: मेक, वजन, अश्वशक्ती, मिनिटाला फेरे, हमीची मुदत. मी इमानदारीत भरले. अश्वशक्ती निरंक, फेरे निरंक. खरेदी समितीत संचालक म्हणून गोरक्षअण्णा आहेत, येसगावकडचे, मोठे बागाईतदार. तू त्यांना पाहिलेलं नाहीस, तू गेल्यावर निवडून आले. त्यांनी तक्ता वाचला आणि चष्मा काढून मला विचारलं, ‘आरं, सहा तारांची गिटार स्वस्त आन् चार तारांची म्हाग? ही कुठली रीत? सहाचीच घ्या, दोन तारा कापून टाका.’ मी हसलो नाही. खरं सांगायचं तर त्यातलं मलाही तेव्हा काही कळत नव्हतं.

तीन कोटेशनं आली. एक कलकत्त्याची, कोरी करकरीत, लालभडक, नव्या सायकलीसारखी चकचकीत. दुसरी जपानी, पुण्याच्या एका दुकानातून, वापरलेली, तपकिरी, कडेला काळपट होत गेलेली. तिसरी जर्मन, व्हायोलिनच्या आकाराची, आतून पोकळ आणि हातात घेतली तर पोरगं उचलल्यासारखी हलकी. ही नगरजवळच्या भिंगारच्या शांतवन मास्तरांची. ते मिलिटरी बँडमधून हवालदार म्हणून रिटायर झाले, आता चर्चमध्ये वाजवतात, आणि बोटं आखडायला लागली म्हणून विकताहेत. त्यांचा दर सगळ्यांत जास्त होता. गोरक्षअण्णा म्हणाले, नुसत्या कागदावर नको, बैल घेताना आपण चालवून बघतो की नाही, तशा तिन्ही वाजवून बघू. म्हणून आजचा दिवस ठरला. आज बॉयलर आणि मिलच्या सफाईसाठी कारखाना बंद होता. एरवी मिलच्या घरघरीत कॅन्टीनमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

शांतवन मास्तरांनी गिटार आदल्या दिवशीच एसटीनं पाठवून दिली होती, स्वतः मात्र दहाला येणार ते अकरा वाजले तरी पत्ता नाही. नगर-मनमाड रस्त्यावर गाडी बंद पडली असेल असं धरून आम्ही त्यांच्यावाचूनच सुरुवात केली. आपल्या माइकवाल्या छगननं आवाज वाढवायचं मशीन मांडलं आणि लाउडस्पीकरचा कर्णा कॅन्टीनच्या खिडकीला बांधला. तोच जुना कर्णा, माधव, ज्याच्या काठाला पोचा आहे. राधाकृष्ण मास्तरांनी एकेक गिटार घेऊन जमेल तशी चारी तारा छेडल्या. लाल गिटार टणटण वाजली. जपानी त्याहून बारीक. आणि जर्मन तर मेल्यासारखी. नुसती बोटांची टकटक, सूर कुठेच नाही. मी तक्त्यात शेरे लिहिले: आवाज उत्तम, आवाज बरा, आवाज नाही. लाल गिटारीचा दर सर्वांत कमी, आवाज सर्वांत मोठा, दिसायलाही देखणी. दहा मिनिटांत निकाल. गोरक्षअण्णांनी सहीसाठी पेन उघडलं आणि चहा मागवला.

त्या टकटकीनं मला तू आठवलास, हे इथेच कबूल करतो. अगदी तोच आवाज होता. सांगता समारंभाला, अडुसष्टच्या मे महिन्यात, तुझ्या हातून निघाला होता तो. तू ती गिटार सहा महिने खपून बनवली होतीस. अंग सागवानाचं, शाळेच्या मोडक्या टेबलाच्या फळीचं. मान शिसवीची. आवाज पकडणारी गुंडाळी तू मोटारींच्या वाइंडिंग सेक्शनमध्ये जेवणाच्या सुट्टीत केसाएवढ्या बारीक तारेनं गुंडाळली होतीस, टेलिफोनच्या लोहचुंबकावर. किती हजार वेढे म्हणाला होतास मला आठवत नाही, पण मोजताना मध्ये कोणी हाक मारली की तू शिवी हासडायचास आणि पहिल्यापासून सुरू करायचास. तुझ्या घरी ती जोडून ऐकायला साधा रेडिओही नव्हता. तू ते लाकूड छातीला धरून वाजवायचास आणि डोळे मिटून म्हणायचास, कानिफ, मला येतंय ऐकू.

आणि मग तो समारंभ. स्टेजवर तू माझ्या शेजारी. पहिलं गाणं सुरू झालं, तू बोटं चालवतोयस, मान हलवतोयस, आणि कर्ण्यातून काहीच नाही. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. गाणं संपल्यावर मास्तरांनी विचारलं, माधव, वाजवतोयस ना? तू म्हणालास, हो, छातीत ऐकू येतंय. आणि मी, तुझा जिवलग मित्र, मी माइकवरून म्हणालो की छातीत धडधडतंय तर डॉक्टरला दाखव बाबा. सगळा मांडव हसला. तुला ‘मौनीबाबा’ हे नावही त्याच वेळी मीच दिलं. दुसरं गाणं झालं, तरी तेच. तेव्हा मास्तर माझ्याजवळ आले आणि विचारलं, ‘कानिफ, तू शेजारी उभा आहेस. तुला तरी ऐकू येतंय का याचं?’ मी म्हणालो, नाही. त्यांनी तुला खाली उतरवलं. त्या हंगामात ऑर्केस्ट्रातून एकालाच कायम करणार होते हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. तू वाइंडिंगला हंगामी, मी वजनकाट्यावर हंगामी. महिन्याभरानं मी कायम झालो, टाइमकीपर म्हणून. तू आईंना घेऊन कर्जतला मामांकडे गेलास. तुझा मामेभाऊ मागे एसटीत भेटला होता. त्यानं सांगितलं, तू कोणाच्या तरी दुकानात पंपाच्या मोटारी दुरुस्त करतोस, आणि गिटारीचं नाव काढलं की जेवणावरून उठतोस.

तर चहा आला, आणि चहाबरोबर शांतवन मास्तर आले. टेम्पोतून! बरोबर चार हमाल आणि एक लाकडी खोकं, आपल्या घरच्या धान्याच्या कणगीएवढं. एसटीनं ते घ्यायला नकार दिला म्हणून उशीर झाला. साठीचे गृहस्थ, पांढरा स्वच्छ शर्ट, मिशा कापलेल्या. गोरक्षअण्णा वैतागले. म्हणाले, ‘आमी गिटार मागवली हुती, कपाट कशापायी आनलं?’ शांतवन मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते खिडकीला बांधलेल्या कर्ण्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं की तुम्ही यावर वाजवून बघितल्या? मी अभिमानानं तक्ता पुढे केला. त्यांनी वाचला. ‘आवाज नाही’ यावर बोट ठेवलं आणि खुर्चीत बसले. म्हणाले, ‘देवबापा! कर्ण्यावर बेस ऐकली तुम्ही?’ त्यांनी ते अशा सुरात म्हटलं की जणू आम्ही दूध चाळणीतून मोजलं होतं.

मग त्यांनी त्या खोक्याची वायर लावली. पुढचं कापड ताणलेलं, आत परातीएवढा स्पीकर. त्यांनी आपली जर्मन गिटार गळ्यात अडकवली, ज्या गिटारीला मी ‘आवाज नाही’ लिहिलं होतं, आणि सगळ्यांत जाड तारेवर अंगठा टेकवला. एकदाच.

माधव, मी काय सांगू. आधी आवाज ऐकू आलाच नाही, आधी बाक हलला. बशीतला चहा थरथरला. पत्र्यावरची सगळ्या हंगामाची काजळी आमच्या डोक्यावर पडली. मग तो सूर पोटात शिरला आणि कितीतरी वेळ तिथेच राहिला.  आणि गोरक्षअण्णा एकदम उठले, धोतर सावरत दाराकडे पळाले आणि ओरडायला लागले, ‘मिल कुनी चालू केली रं? आत मानसं हायेत! बंद करा, बंद करा!’ खरंच, त्या वेळी मिलच्या रोलांमध्ये सफाईची आठ माणसं होती. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आम्ही धावत जाऊन त्यांना धरलं, सांगितलं की अण्णा, मिल बंद आहे, ही गिटार वाजली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गिटारीकडे, आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना हसायची कोणाची छाती झाली नाही. आम्ही सगळेच तसे झालो होतो. छगन तर हात जोडून उभा होता, देवळात उभं राहावं तसा.

शांतवन मास्तरांनी मग शाळा घेतली. कर्ण्याचं नरडं बारीक, तो माणसाच्या बोलण्यासाठी केलेला. भाषण दे, आरती दे, बासरी दे, सगळं लांबवर नेईल. पण जाड सूर त्याच्यातून निघतच नाही, आतल्या आत मरतो. त्यांनी तेच चार सूर आधी कर्ण्यावर वाजवले, मग खोक्यावर. कर्ण्यावर टकटक. खोक्यावर पुन्हा पोटात तो गोळा. असं पाच-सहा वेळा केलं, आमची खात्री पटावी म्हणून. माझी पहिल्याच वेळी पटली होती. बाकीच्या वेळी त्यांनी थांबावं असं मला वाटत होतं.

मग तिन्ही गिटारी नव्यानं बघितल्या. आता बघ गंमत. जी लाल गिटार कर्ण्यावर सगळ्यांवर वरचढ होती, ती खोक्यावर उघडी पडली. तिच्या तारा मानेवरच्या पट्टीपासून इतक्या उंच की दाबताना बोट सोलून निघावं, आणि पाचव्या घरात जाड तार दाबली की पत्र्याच्या डब्यात खडा हलल्यासारखी करकर. शांतवन मास्तरांनी मला मानेकडून डोळा लावून बघायला सांगितलं, नांगराचा दांडा सरळ आहे का बघतात तसं. मान बाक आलेली होती, नव्या कोऱ्या गिटारीची! जपानी गिटारीची मान सुतात. अंगावर खरवडे असतील, पण प्रत्येक घरातला सूर सारखा, एकही कमी नाही की जास्त नाही. त्यांनी एकेक सूर सोडून मला आकडे मोजायला सांगितले. लाल गिटारीचा सूर चार आकड्यांत संपला, जपानीचा अकरापर्यंत गेला, जर्मन आठाला विरली. पण जर्मनचा सूर गोल, मऊ, माणसाच्या आवाजाजवळचा. गाणाऱ्याच्या मागे उभी राहायला ती, आणि गाणं ओढून न्यायला जपानी, असं ते म्हणाले. मी विचारलं, मग घ्यायची कोणती? माणूस बघ कसा. स्वतःची गिटार विकायला आलेला, टेम्पोचं भाडं भरून. म्हणाला, ‘ते मी सांगणार नाही. जो वाजवणार त्याच्या हातात द्या. त्याचा हात सांगेल. तुमचा वाजवणारा कुठाय?’

 सगळ्यांना एकच नाव आठवलं होतं आणि कोणी ते उच्चारत नव्हतं. शेवटी मीच शांतवन मास्तरांना विचारलं. म्हटलं, मास्तर, समजा एखाद्यानं तीन वर्षांपूर्वी हे वाद्य बरोबर वाजवलं, आणि समोर फक्त हा कर्णा होता, तर? ते म्हणाले की ऐकणाऱ्याला काही कळणार नाही, वाजवणाऱ्याला मात्र सगळं कळेल, लाकडातून अंगात येतं ना. मग त्यांनी सहज विचारलं, कोणाचं झालं असं? राधाकृष्ण मास्तर खाली बघत होते. त्यांनीच सांगितलं. सगळं. तू गिटार कशी बनवलीस, छातीत ऐकू येतंय म्हणालास, आम्ही कसे हसलो. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या माणसाला त्याचा बाप गेला तेव्हाही मी रडताना बघितलं नव्हतं. शांतवन मास्तरांनी दोनदा विचारलं, वायर त्यानं स्वतः गुंडाळली? हातानं? छगननं तर तोंडात मारून घेतलं, म्हणाला, ‘माज्या कर्ण्यानं त्येचा गळा कापला आन् मला इतकी वरसं पत्ता न्हाई.’

समितीनं मग ठराव केला. लाल गिटार बाद. दर कमी असला तरी बाद. कारखान्याच्या इतिहासात असा शेरा पहिल्यांदाच पडला असेल. खोकंही घ्यायचं. त्यावर गोरक्षअण्णा शुद्धीवर आले आणि म्हणाले, ‘कपाटाचं बी तीन ठिकानचं कोटेशन घ्या.’ जपानी आणि जर्मन यांतली कोणती, ते तू ठरवायचंस. शनिवारी, १० एप्रिलला, सकाळी दहा वाजता. शांतवन मास्तर तेवढ्यासाठी पुन्हा येणार आहेत, गिटार आणि खोकं इथेच ठेवून गेलेत. नोकरी वाइंडिंग सेक्शनला, पहिल्या दिवसापासून कायम. आणि राधाकृष्ण मास्तर म्हणाले की पहिल्या कार्यक्रमात ते स्वतः माइकवर उभे राहून लोकांना सांगतील की त्या दिवशी काय झालं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. म्हणाले, कोणाचाच दोष नव्हता, दोष कर्ण्याचा. छगननं तो सोडून तिथेच बाजूला ठेवला. मीही मान हलवली.

कर्जतहून पहाटेची नगर गाडी धरलीस तर नगरला बदलून अकरापर्यंत पोचशील, म्हणून आदल्या दिवशीच निघ. आईंनाही आण. उतरायला माझं घर आहे असं लिहिणार होतो, पण ते तू पुढचं वाचल्यावर ठरव.

इथवर लिहून मी सही केली होती, पाकिटाला डिंकही लावला होता. छान जुळलं होतं सगळं. मग पाकीट फाडलं. माधव, त्या संध्याकाळी दुसऱ्या गाण्याच्या वेळी माझं मँडोलिन चिरकं येतंय असं वाटलं म्हणून मी एक कडवं सोडून छगनच्या मशीनपाशी गेलो होतो. तू डोळे मिटून वाजवत होतास, तुला ते दिसलं नसेल. छगन पान थुंकायला उठला होता. त्याच्याकडे मिलिटरीच्या भंगारातून आणलेला एक हेडफोन मशीनला लावलेला असायचा. तो मी कानाला लावला, माझं मँडोलिन ऐकायला. आणि ऐकू आलास तू. बारीक, पण स्वच्छ. कडवंभर ऐकलं. एक सूर चुकला नव्हता. आम्ही सगळे लयीच्या पुढेमागे धावत होतो आणि खाली तू एकटा गाणं धरून उभा होतास. ते बाहेर का येत नाही हे मला कळलं नाही, देवाशपथ नाही कळलं. पण तू वाजवतोयस आणि आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं वाजवतोयस, एवढं कळलं. जागेवर येऊन उभा राहिलो आणि मास्तरांनी विचारलं. जागा एक होती, माझं लग्न ठरत होतं, आणि मी नाही म्हणालो. तेव्हापासून स्वतःला समजावत आलो की तो हेडफोन जुनाट, त्यात काहीही वाजतं. आज त्या खोक्यातून पहिला सूर निघाला आणि बाकी सगळे दचकले ते पहिल्यांदा ऐकून. मी तो दुसऱ्यांदा ऐकत होतो. राधाकृष्ण मास्तरांना मी अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगायचं होतं. शनिवारी समितीसमोर उभा राहून सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. माझ्या खुर्चीचं जे व्हायचं ते होईल. मनकर्णेला आज घरी गेलो की सांगेन. तू ये, माझ्याशी बोलू नकोस, पण ये. तुला बोलावणं पाठवायला मास्तरांचं एक कार्ड पुरलं असतं. मी लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच, की मला ऐकू आलं होतं.

तू म्हणू दिलंस तर तुझाच,
कानिफनाथ